अ‍ॅप म्हणतं 'आनंदी', आणि तो तर बायको गेली म्हणून रडतोय

उत्तररात्र

मंडळी, ऑपेरा ऐकायला लागून मला जेमतेम वर्ष झालंय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

ग्लुकचा 'ओर्फेओ एद एउरिदिचे' ऐकत होते. ही १७६२ ची मूळ व्हिएन्ना आवृत्ती, जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवलेली. कथा बहुतेकांना ठाऊक असेल. ओर्फेओ मेलेल्या बायकोला मृतांच्या राज्यातून परत आणतोय. अट एकच, वाटेत तिच्याकडे वळून बघायचं नाही. तो बघतो आणि ती दुसऱ्यांदा मरते. मग तो गातो, 'के फारो सेंत्सा एउरिदिचे', म्हणजे एउरिदिचेवाचून मी आता काय करू.

गाण्याचा टेम्पो, पट्टी आणि मूड सांगणारं एक अ‍ॅप आहे माझ्याकडे. सहज त्याला ही आरिया, म्हणजे ऑपेरातलं हे एकल गाणं, ऐकवलं. त्याने सांगितलं: टेम्पो १३८, पट्टी बी मेजर, मूड 'आनंदी, उत्साही'.

मी उडालेच. आता तीन प्रश्न आहेत.

पहिला, मी टाळी देऊन मोजलं तर ६८-७० च्या आसपास येतंय. १३८ कुठून आलं?

दुसरा, स्वरलिपीत ही आरिया सी मेजर आहे, म्हणजे आपली पांढरी एक. पेटीवर लावून पाहिलं तर खरंच पांढरी सात लागतेय. अ‍ॅप चुकलं नाहीये, मग चुकलं कोण?

तिसरा आणि खरा प्रश्न मूडचा. अ‍ॅपला हसून मी मोकळी झाले असते, पण मग डोळे मिटून, शब्दांकडे लक्ष न देता पुन्हा ऐकलं. आणि खरं सांगते, चाल दुःखी वाटेना. गोड, शांत, थोडी समजूत घातल्यासारखी वाटली. माझ्याच कानात खोट आहे का?

तबकडीवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकतो. सीडीसोबतची पुस्तिका असेल तर त्यात 'ए = ४१५' असं काही लिहिलंय का बघा. आजचा प्रमाण 'ए' हा स्वर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. हे १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलं. त्याआधी गावागणिक, नाट्यगृहागणिक वेगळा सूर चालायचा. जुन्या वाद्यांवर वाजवणारी मंडळी सोयीसाठी बहुधा ४१५ धरतात, आणि ४१५ हा ४४० पेक्षा जवळजवळ नेमका एक अर्धस्वर खाली येतो. वादकांसमोरच्या कागदावर सी मेजर आणि पेटीवर पांढरी सात. तुम्ही बरोबर, अ‍ॅप बरोबर, ग्लुकही बरोबर.

गंमत मोझार्टच्या काळाच्या संगीताची. तिथे बरेच जण ४३० धरतात. म्हणजे अर्धस्वराच्या पाचात दोन हिस्से खाली. अशा वेळी अ‍ॅप दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकतं आणि एकाच ऑपेरातल्या दोन आरियांना दोन वेगळे न्याय लावतं.

उत्तररात्र

पुस्तिकेत खरंच ४१५ लिहिलंय! धन्यवाद.

निमशहाणा

१३८ चं कोडंही अवघड नाही. ही अ‍ॅपं आवाजात अचानक येणारे ठोके शोधतात आणि ते किती वेळाने परत येतात ते मोजतात. ज्या गाण्यात ढोल-ड्रम आहे तिथे काम फत्ते. इथे ड्रम नाही, तंतुवाद्यं आहेत. तुम्ही मोठ्या ठोक्यावर टाळी दिलीत, अ‍ॅपने साथीतले बारके स्वर मोजले. ६९ दुणे १३८. दुप्पट किंवा निम्मं सांगणं हा या अ‍ॅपांचा जुनाच आजार आहे.

मूडचा घोळही तिथूनच सुरू होतो. या यंत्रांचा हिशेब ढोबळ असतो: जलद आणि मेजर (शुद्ध गंधाराची पट्टी) म्हणजे आनंदी, संथ आणि मायनर (कोमल गंधाराची) म्हणजे दुःखी. १३८ + मेजर = 'उत्साही'. एक चूक पुढच्या चुकीला जन्म देते.

कोमल_धैवत

मला वाटतं तुम्ही सगळे अ‍ॅपवर फार दया दाखवताय. पट्टी अर्धस्वराने खाली आली तर भाव बदलत नाही असं गृहीत का धरायचं? अठराव्या शतकातले लोक तसं मानत नव्हते. शूबार्ट नावाच्या जर्मन लेखकाने तर प्रत्येक पट्टीचा स्वभाव लिहून ठेवला होता, ते १८०६ मध्ये छापूनही आलं. त्याच्या लेखी सी मेजर म्हणजे निर्मळ, निरागस. मोझार्टकडे बघा. दुःख आलं की तो जी मायनरकडे वळतो. 'एन्टफ्यूरुंग'मधली कोन्स्टान्त्सची शोकाची आरिया जी मायनर, 'मॅजिक फ्लूट'मधल्या पामिनाची जी मायनर. 'दोन जोवान्नी'त मेलेला कमेंदातोरे पुतळा बनून जेवायला येतो ते डी मायनर, आणि 'मॅजिक फ्लूट'मध्ये रात्रीची राणी सूडाने पेटते तेही डी मायनर. हा योगायोग आहे का?

निमशहाणा

योगायोग नाही, सवय आहे. त्या काळच्या वाद्यांना काही पट्ट्या सोयीच्या होत्या, काही अडचणीच्या. डी मध्ये तुताऱ्या आणि नगारे हाताशी असायचे. शिवाय तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं मायनर आहेत. दुःख कोमल गंधाराने येतंय की जी या पट्टीने, हे त्यावरून कसं ठरवणार?

आणि हेच बघा ना. ग्लुकने १७६२ मध्ये ही आरिया ग्वादान्यी नावाच्या कास्त्रातो (लहानपणी खच्चीकरण करून उंच आवाज टिकवलेल्या) गायकासाठी सी मेजरमध्ये लिहिली. १७७४ मध्ये पॅरिसला ऑपेरा फ्रेंचमध्ये नेला तेव्हा लग्रो या उंच आवाजाच्या टेनरसाठी तीच एफ मेजरमध्ये नेली. पांढरी एकवरून थेट पांढरी चारवर. पट्टीत भाव असता तर ग्लुकने असं केलं असतं?

कोमल_धैवत

केलं असतं. गायकापुढे कुठल्या संगीतकाराचं चाललंय? बेल्लीनीच्या 'नोर्मा'तली 'कास्ता दीवा' त्याच्या हस्तलिखितात जी मेजर आहे. १८३१ मध्ये मिलानच्या स्काला नाट्यगृहात जुदित्ता पास्ताने ती एफमध्ये गायली, आणि तेव्हापासून जग ती एफमध्येच ऐकतंय. माझ्याकडे कॅलासची १९५४ ची एफमधली आहे आणि सदरलंडची १९६४ ची जीमधली. एकापाठोपाठ ऐका आणि मग सांगा भाव तोच राहतो का. कॅलासचं चांदणं जमिनीवर उतरलेलं आहे. सदरलंडचं वर आभाळातच आहे.

निमशहाणा

दोन वेगळ्या बायका, दोन वेगळे गळे, दोन वेगळे कंडक्टर. आणि फरकाचं श्रेय पट्टीला. वा!

कोमल_धैवत

बरं, गळा म्हणा. पण पट्टी बदलली की त्याच गळ्याचा वेगळा भाग कामाला लागतो, एवढं तरी मान्य कराल की नाही?

निमशहाणा

एवढं मान्य.

पडद्यामागे

वाद मिटला असेल तर मी मूळ प्रश्नाकडे येतो. उत्तररात्र, तुमच्या कानात काही खोट नाही. ही आरिया दुःखी वाटत नाही, ही तक्रार ग्लुकच्या काळापासून चालत आलेली आहे. व्हिएन्नाचा समीक्षक हान्सलिकने १८५४ मध्ये तिचंच उदाहरण घेतलं. फ्रेंच शब्द आहेत 'माझी यूरिडिस (म्हणजे एउरिदिचेच) मी गमावली'. हान्सलिकचं म्हणणं, तिथे 'माझी यूरिडिस मला सापडली' असे शब्द घाला, चाल तितकीच चपखल बसेल. संगीत स्वतः होऊन एखादी ठरावीक भावना सांगत नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं.

पण त्याच्या कितीतरी आधी खुद्द ग्लुकने याहून कामाची गोष्ट लिहून ठेवली आहे. १७७० च्या 'पारिदे एद एलेना'च्या अर्पणपत्रिकेत तो या आरियाचं नाव घेऊन सांगतो की हिच्या अभिव्यक्तीत जराही फेरफार केला तर हिचा कळसूत्री बाहुल्यांचा नाच होईल. एखादा स्वर थोडा जास्त किंवा कमी धरला, वेग किंवा आवाजाचा जोर सांभाळला नाही, एखादी हरकत अस्थानी घेतली, की अख्खा प्रवेश बुडाला.

आपली चाल किती पातळ बर्फावर उभी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. मायनर पट्टी घेऊन तो सुरक्षित राहू शकला असता. त्याने ते केलं नाही आणि सगळा भार गाणाऱ्यावर टाकला. माझ्या मते ही हिंमत आहे. काही जण आळसही म्हणतात.

मध्यलय

ग्लुकच्या ऑपेरात शेवटी प्रेमदेवता येऊन एउरिदिचेला पुन्हा जिवंत करते ना? म्हणून मेजर असेल. पुढच्या सुखाची चाहूल.

पडद्यामागे

ओर्फेओला ते कुठे माहीत आहे? प्रेमदेवता त्याला थांबवायला येते तेव्हा तो जीव द्यायला निघालेला असतो.

तबकडीवाला

वेगाचा विषय निघालाय म्हणून माझ्या खात्यातलं थोडं.

जुन्या लाखेच्या तबकड्यांना आपण सरसकट '७८' म्हणतो, पण विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांवर मुद्रित होत नव्हत्या. कोणी ७४ वर, कोणी त्याहून खाली, कोणी ८० वर. ७४ वर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर लावली तर सगळं साडेपाच टक्क्यांनी जलद होतं आणि पट्टीही जवळपास अर्धस्वर चढते. चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत संपतं. म्हणजे टेम्पो, पट्टी आणि मूड, तिन्ही एका चुकीच्या बटणाने बिघडतात. असा बिघडलेला आवाज आज कितीतरी ठिकाणी तसाच्या तसा चढवलेला सापडतो.

तुम्ही म्हणाल, स्वरलिपीतली पट्टी बघा आणि तबकडी त्या पट्टीवर आणा. तिथेच फसायला होतं. पुच्चीनीच्या 'ला बोएम'मधली 'के जेलिदा मानीना' डी फ्लॅट मेजर आहे आणि तिच्यात वरचा सी लावावा लागतो. कित्येक टेनर ती गुपचूप अर्धस्वर खाली उतरवून गातात. मग तबकडीवर सी मेजर ऐकू आलं, तर गायकाने पट्टी उतरवली की तबकडी हळू फिरतेय?

मी अशा वेळी गायकाच्या आवाजातलं हेलकावणारं कंपन (व्हायब्राटो) ऐकतो. तबकडी जलद फिरत असेल तर ते बोकडाच्या बेंबें-सारखं चिरचिरीत होतं आणि 'आ' हा स्वर 'अ‍ॅ'कडे झुकतो. हळू फिरत असेल तर गायक जांभई देत गातोय असं वाटतं. दोन्हींच्या मध्ये एका ठिकाणी अचानक माणूस उभा राहतो. तो क्षण एकदा अनुभवा.

शिवाय बारा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वाचार-साडेचार मिनिटं मावायची. तेवढ्यात बसवायचं म्हणून आरिया पळवायचे, नाहीतर मधला भाग छाटायचे. तेव्हा 'जुने लोक जलद गायचे' असं म्हणण्याआधी तबकडीचा व्यास विचारा.

पडद्यामागे

+१. पण उलटं उदाहरणही आहे, जुने लोक खरंच जलद गायचे याचं. पामिनाची आरिया, 'आख, इश फ्यूल्स'. तिच्या प्रियकरावर, तामिनोवर, मौनाची परीक्षा आहे म्हणून तो बोलत नाही. तिला ते माहीत नाही, तिला वाटतं याचं प्रेम सरलं. आजकाल ही आरिया इतकी संथ गातात की गायिकेचा श्वास पुरेल की नाही याचीच चिंता वाटते. मोझार्टने वर फक्त 'आंदान्ते', म्हणजे चालण्याच्या वेगाने, एवढंच लिहिलंय. मेट्रोनोमचं (वेगाचे ठोके देणाऱ्या यंत्राचं) पेटंट १८१५ चं आणि मोझार्ट गेला १७९१ मध्ये, तेव्हा आकडा मिळण्याची सोय नाही. पण त्याच १८१५ मध्ये गॉटफ्रीड वेबरने एका जर्मन संगीतपत्रात हाच विषय काढला होता: ही आरिया फार रेंगाळत म्हणतात, मोझार्टच्या हाताखाली ती बरीच जलद व्हायची. म्हणजे मोझार्टला जाऊन पंचवीस वर्षंही झाली नव्हती आणि वाद सुरू.

हिशेब करून बघा. साधारण ४० बार (मात्रांचे समान गट), एकेका बारमध्ये सहा 'आठवे' (एट्थ नोट, म्हणजे इथल्या मात्रा), एकूण २४०. मिनिटाला ६० आठव्यांनी गेलात तर चार मिनिटं, ८० ने तीन, १२० ने फक्त दोन. चार मिनिटांची पामिना मरणाला शरण गेलेली असते. अडीच मिनिटांची पामिना घाबरलेली असते, तिची छाती धडधडतेय. मला दुसरी जास्त खरी वाटते. पण मला रडू पहिली ऐकून येतं, हे कबूल करतो.

मध्यलय

यात अ‍ॅपची बाजू घ्यायला कोणीच नाही का? निदान पामिनाला तरी ते 'दुःखी' म्हणेल.

निमशहाणा

म्हणेल. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं.

सूत्रधारीण

मी नाटकवाली, स्वरलिपी वाचता येत नाही. पण वेर्दीचा ऑपेरा 'रिगोलेत्तो' कोणीच कसा काढला नाही? 'ला दोन्ना ए मोबिले', ड्यूकची ती उडती चाल. तिसऱ्या अंकात तो ती पहिल्यांदा गातो तेव्हा आपण पाय हलवत ऐकतो. अंकाच्या शेवटी रिगोलेत्तो मारेकऱ्याकडून पोतं घेतो. आत ड्यूकचं प्रेत आहे या खुशीत तो ते नदीत टाकायला निघालाय. आणि लांबून तीच चाल ऐकू येते. ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण? पोत्यात त्याची मुलगी.

चाल तीच, गाणारा तोच, आणि अंगावर काटा येतो. आता यात तुमचे टेम्पो आणि पट्टी काय करणार?

निमशहाणा

आणि पट्टी कोणती माहीत आहे? बी मेजर. पांढरी सात. उत्तररात्र यांच्या अ‍ॅपने ग्लुकला दिलेली तीच. दोन्हीकडे 'आनंदी'चा शिक्का बसणार.

कोमल_धैवत

हे उदाहरण जबरदस्त आहे. पट्टीच्या बाजूने आता मी गप्प बसते. निदान आजच्यापुरती.

तबकडीवाला

मूड चालीबाहेरून येतो यावर एक. 'के फारो'चं बऱ्याच जणांच्या मनात बसलेलं रूप म्हणजे कॅथलीन फेरियरने इंग्रजीतून गायलेलं, संथ, गडद काँट्राल्टो (बायकांच्या सर्वांत खालच्या) आवाजातलं. ते ऐकून लोक हमखास म्हणतात, बघा, मरण समोर दिसत असताना गायलीय. १९५३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ती ओर्फेओ करत होती. कर्करोगाने पोखरलेलं मांडीचं हाड प्रयोग चालू असताना मोडलं, तरी तिने प्रयोग पुरा केला. त्याच ऑक्टोबरमध्ये ती गेली. हे सगळं खरं. पण ती गाजलेली तबकडी १९४६ ची आहे. तेव्हा आजाराचा पत्ताही नव्हता. आपण सात वर्षं नंतरचं दुःख मागे नेऊन त्या आवाजात ओततो.

पडद्यामागे

अवांतर: पॅरिसच्या तालमीत लग्रो सुरुवातीची यूरिडिसला मारलेली हाक नीट मारेना, तेव्हा ग्लुक त्याला म्हणाला, कोणीतरी तुझं हाड करवतीने कापतंय असं समजून ओरड. एका समकालीनाने आठवणींत लिहून ठेवलंय. फेरियरचं वाचलं आणि हे आठवलं. बरं नाही वाटलं.

निमशहाणा

उत्तररात्र, एक प्रयोग सुचवतो. पट्टी न हलवता फक्त वेग बदलणारी सॉफ्टवेअर्स असतात. तुमचीच ध्वनिमुद्रिका २० टक्के हळू आणि २० टक्के जलद करून बघा. म्हणजे गळा तोच, पट्टी तीच, बदल फक्त वेगात. ज्याला कथा माहीत नाही अशा कोणाला तरी ऐकवा.

उत्तररात्र

चार दिवसांनी येतेय. प्रयोग केला. बहिणीला बसवलं. तिला ऑपेराचा गंध नाही, इटालियन येत नाही, कथाही सांगितली नव्हती.

आधी फक्त ध्रुवपद कापून ऐकवलं, तीन वेगांनी. हळू: 'प्रार्थना आहे का?' मूळ वेग: 'कुणीतरी छान आठवण काढतंय.' जलद: 'लग्नातलं वाटतंय.' बाहुल्यांचा नाच म्हणाली नाही, पण ग्लुकला जी भीती होती ती २० टक्क्यांवर खरी ठरली. अ‍ॅपला तिन्ही वेळा 'आनंदी'च वाटलं, फक्त हळू केल्यावर त्यातला 'उत्साही' गळला.

मग पूर्ण आरिया ऐकवली, आणि इथे माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं पूर्ण ऐकवल्यावरही वेगाप्रमाणे उत्तरं बदलतील. तर नाही. जलद वेगातसुद्धा ती दुसऱ्या मिनिटाला गंभीर झाली. कारण ध्रुवपद तीनदा येतं आणि मधल्या जागी लय मोडते. चाल थांबते, तो नुसती हाक मारतो, 'एउरिदिचे! एउरिदिचे!', मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा हाक. वेग वीस टक्के वाढवला तरी ती पोकळी पोकळीच राहते. मी इतके दिवस चालीत दुःख शोधत होते, आणि चाल तर तो स्वतःला सावरायला गातोय असं आता वाटतंय. अ‍ॅपने या सगळ्याची सरासरी काढली. सरासरीत त्या दोन हाका कुठे दिसणार?

बहिणीने संपल्यावर एवढंच विचारलं, 'तो कुणाला तरी बोलावतोय ना? ती उत्तर का देत नाही?'

पडद्यामागे

हाकेनंतरचा शब्द नीट ऐकलात का? 'रिस्पोंदी'. त्याचा अर्थच 'उत्तर दे'.